तज्ज्ञांच्या देखरेखीखाली

"जखमी जलतरणपटूंचे दंड तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या दाबाने आवळून त्यांना हलका व्यायाम दिला जातो," असे जलतरण मंडळाचा फलक सांगतो. ते तज्ज्ञ म्हणजे गणपतीच्या कारखान्याचे मालक काळुराम सर, हे हुस्नबानोला पेणच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना कळले.

"डॉक्टर, माझ्या पोरीचा हात जांभळा पडलाय! रविवारी तिची स्पर्धा हाय!"

"हात वाचला, सगुणाताई, स्पर्धा विसरा. सर, दाब मोजायचा पट्टा कुठाय?"

"मागवलाय. तवर साच्याला आवळतो ती रबरी पट्टी बांधली."

"मूर्तीच्या साच्याची?"

"व्हय. लय चिवट."

"पोर ओरडत व्हती, तरी सैल का नाय केलीत वो?"

"सैल सोडली की साच्यातनं गणपती गळतो, वैनी. माझ्या हाताला तीच सवय."