माणसं मोजायची नसतात

वादळानंतरच्या सकाळी शाळेच्या ओट्यावर आपापल्या माणसांची खबर घ्यायला आम्ही अकरा जण रांगेत होतो. टेबलावर डब्याएवढा एक रेडिओ संच, एक बॅटरी, एक मीटर. मोबाईल दोन दिवस बंद होते. मीटरवर ११.१ व्होल्ट होते. साडेदहाच्या खाली संच बंद पडतो, असं हौशी रेडिओवाल्या अनिशनं सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. माझ्यापुढे नर्मदाकाकी होत्या; त्यांचा मुलगा वादळाआधी होडीवर गेला होता.

"काकी, तुमची होडी देवगडाक लागली हा. पाच माणसा उतरली."

"माजो विश्वेश?"

"नावा नाय दिली. होडयेर किती जण गेल्ले?"

"होडी सुटताना माणसा मोजूची नसतत रे. तुका म्हायत नाय?"

"म्हायत आसा. पण माका बॅटरी मोजूची लागता. ऐकाक कमी जाता, बोलाक जास्त."

"मगे कमी बोल. नावा तेवडी इचार."

"मागे धा जणा आसत, काकी."

"इचार रे," मागून मुलाची खबर घ्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला. "माजो सवाल ऱ्हवांदे. माजो झील तसोय माज्याशी बोलना नाय."

अनिशनं बटण दाबलं.

"देवगड, उतरलेल्या पाच जणांची नावं सांगा."

खरखरीतून एकेक नाव आलं. अनिश ते मोठ्यानं म्हणत गेला.

"सत्यवान. अजय. भिकाजी. रमाकांत. सुदीन."

"आणि?"

"पाचच, काकी."

"परत इचार."

अनिशनं परत बटण दाबलं. संचावरचा दिवा विझला.

मीटरवर १०.४ व्होल्ट होते.