शिवपुत्राला घाम येत न्हाय

…अवो, घाबरायचं न्हाय म्हनं! सांगायला काय जातंय? ज्यानं हा माईक शोधून काढला ना, त्याला एकदा आमच्या मंद्रूपच्या मांडवात हुबा करा, भर मे महिन्यात, आनि मग इचारा! तुमाला सांगतो, ठिबक सिंचनाच्या कंपनीत धा वर्सं काढलो मी. पाइप जोडायचा असू दे, फिल्टरमधला गाळ काढायचा असू दे, आपला हात कुनी धरनार न्हाय. बांधावर बसून शेतकऱ्याशी दोन तास बोलीन. पन तेच शेतकरी ओळीनं खुर्च्यांवर बसले आनि माझ्या हातात माईक आला की संपलं… जीभ टाळूला, आनि घाम तर असा की शर्ट पिळला तर वाफा भिजंल. आनि त्या शिवपुत्राला घाम येत न्हाय!

शिवपुत्र म्हंजे माझ्यासंगंच कंपनीत लागलेला, अक्कलकोटकडचा. चव्वेचाळीस डिगरीत इस्त्रीचा शर्ट घालून हुबा ऱ्हातो, मराठीत चालू हुतो, मधीच कानडीत सुटतो, "नमस्कार्री! आराम अदीरी?" की सगळे म्हातारे फुलून जातेत. मी जळतो. खोटं कशाला बोलू? लई जळतो! एकाद्याला देवानं द्यावं तरी किती? दोन भाषा दिल्या, आवाज दिला, वर घामबी काढून घेतला!

तर झालं काय, सोलापूरच्या ऑफिसात एक जागा निघाली. टेबल, खुर्ची, एसी, गप बसून कागद तपासायचे. तोंड उघडायचं कामच न्हाय! म्हनलं, अभिमन्यू, ही जागा तुझ्यासाठीच केलीया बग. तर पुन्यास्नं साहेब आले आनि म्हनले, "असं करू या, मंद्रूपच्या मेळाव्यात तुम्ही दोघंही दहा-दहा मिनिटं प्रेझेंटेशन द्या. ज्याचं प्रभावी होईल, त्याला ऑफिस!" आता काय म्हनायचं? न बोलायच्या जागेसाठी बोलून दावायचं! म्हंजे पोहता येतंय का बगून मानसाला माळावर कामाला पाठवायचं!

आठ दिवस भिंतीपुढं बोललो. मग बायकोपुढं. उत्कर्षा भाकरी थापत ऐकायची. "अवो, मान वर करा की! शिवपुत्र भावजी बगा, कसं डोळ्यात डोळं घालून बोलतेत…" घ्या! घरातबी शिवपुत्र! म्हनलं, मग जा, त्याच्याच डोळ्यात बगत बस! दोन दिवस ताटात शेंगाचटणी आली न्हाय.

मोबाइलवर एक जन सांगत हुता, समोर मानसं न्हाईत, कोबीचे गड्डे हाईत असं समजा. समजलो! पन आमच्या गावचा कोबी तंबाखू मळत डोळं वटारून बगतो, त्याला काय करू?

मेळाव्यात पयला नंबर शिवपुत्राचा. धा मिनिटं, एक शब्द अडला न्हाय. टाळ्या! खाली आला आनि माझ्या कानात म्हनतो, "काय बे, घाबरूलालास की!" मी त्याचं कपाळ बगितलो. कोरडं ठाक!

माझं नाव पुकारलं. हुबा ऱ्हायलो. पडद्यावर पयलं चित्र आलं आनि डोस्कं रिकामं… कायबी आठवंना! आठवलं ते एकच, आपल्याकडं माईक हातात आला की कुनीबी आधी म्हनतो ते, "व्यासपीठावर उपस्थित मान्यवर…" सुटलो! सरपंचाचं नाव घेतलो, टाळ्या. माजी सरपंच रुसतील म्हनून त्यांचं घेतलो. सोसायटीचे चेअरमन धोंडप्पा काका, टाळ्या. व्यासपीठ संपलं, तरी ठिबक आठवंना! मग खाली बसलेल्यांवर उतरलो… मांडववाले शहाजीराव, म्हशी बांधून टायमावर आलेले रामहरी आबा, सगळ्यांचा चहा केलेल्या गोजरबाई… गावातच जन्म, कुनाचं नाव चुकनार? पन मी पडलो अभिमन्यू, आत शिरायला येतं, भाईर पडायला न्हाय! घंटी वाजली तवाच थांबलो. ठिबकचा ठ सुदीक निघाला न्हाय तोंडातनं!

पन टाळ्या थांबंनात की ओ! गोजरबाई पदरानं डोळं पुसत म्हनल्या, "उभ्या जल्मात माईकवर माझं नाव कुनी घेतलं न्हाय रं बाबा." मलाबी भरून आलं. आनि तेवढ्यात शिवपुत्राकडं बगितलो, तर त्याच्या वरच्या ओठावर एक थेंब! घामाचा! तुमाला सांगतो, लग्नातबी एवढा आनंद झाला नव्हता. म्हनलं, मिळाली खुर्ची!

साहेबानं माझे दोन्ही हात धरले. "अभिमन्यू, काय माणसं जोडता हो तुम्ही! तुम्हाला ऑफिसात कोंडून ठेवणं म्हणजे पाप! आजपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक मेळाव्यात माईक तुमच्याच हातात!"

…आनि ऑफिस? ते शिवपुत्राला.

आता आठवड्याला तीन मेळावे. मी उन्हात, माईक हातात, शर्ट पिळतोय. परवा सही घ्यायला ऑफिसात गेलो, तर शिवपुत्र खुर्चीत गप बसलेला, एसी सोळावर, अंगावर सोलापुरी चादर पांघरून! मला बगून म्हनतो, "दार लाव बे, गरम हवा आत येऊलाली."

लावलो दार. भाईरनं.

आता तुमीच सांगा, त्याला घाम येनार कसा?