मला स्कूटर येत नाही, बरं का!

...आणि वर हे मलाच म्हणतात, "तू फक्त कोरी राहा, बाकीचं मी बघतो!" आता तुम्हीच सांगा, एकदा आलेली गोष्ट परत न येणारी कशी करायची?

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी पन्नाशी उलटल्यावर शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी करायला घेतली. म्हटलं छान, तीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारले, आता शाळेत शिकवतील. तर म्हणे, "छे, शाळेत शिकवायला शिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, ते ह्या पदवीत मिळत नाही." मग मिळतं काय? "कसं शिकवावं ते कळतं." आणि शिकवायचं? "शिकवायचं नाही!" थोरल्या जाऊबाई फोनवर खो खो हसल्या, "कितव्या वर्गाला शिकवणार गं भावजी?" म्हटलं, "वर्गाला नाही हो... मला!"

कारण प्रबंधाला एक तरी विद्यार्थी लागतो ना! शाळेत कुणी उभं करेना, मग घरात सापडले मी. मला स्कूटर शिकवायचं ठरलं. पण लगेच नाही हं! आधी पाठाचा आराखडा, मग मार्गदर्शक बाईंची सही, मग दुरुस्त्या, मग पुन्हा सही... तोवर स्कूटरला हात लावायचा नाही, विद्यार्थी कोरा पाहिजे! चार महिने स्कूटर दारात आणि मी बाजारात पायी, दोन्ही हातांत पिशव्या!

शेवटी समोरच्या शिंपीणबाईंना बघवेना. "कसली सही नि कसलं काय, बस इकडे! हा ब्रेक. पायाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ." झालं! दोन दुपारी मला स्कूटर आली. बाई चौथी पास, सांगून ठेवते!

आली खरी, पण सांगू कुणाला? ह्यांचा प्रबंध बुडायचा! लहानपणी अंगणात दगड मांडून त्यांना पाढे शिकवायचे हो हे, आणि नोकरी लागली ती शिक्क्यांची. जेवताना विचारायचे, "अजून कोरी आहेस ना?" की मी आमटी वाढत म्हणायचे, "हो हो, मला स्कूटर येत नाही, बरं का!"

मग परीक्षेचा दिवस. मार्गदर्शक बाई अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर वही. ह्यांनी चाळीस मिनिटं तोल ह्या विषयावर भाषण केलं, तक्त्यासकट! "प्रथम विद्यार्थ्याच्या मनात भीती असते." मी लगेच घाबरले. मग बसले, आणि मुद्दाम वाकडी चालवली. सोपं नाही हो ते! सरळ कुणीही चालवेल, वाकडी चालवायला फार चांगली यावी लागते! हे मागून धावतायत, "तोल! तोल सांभाळ!" आणि स्वतःच कुंडीवर धाडकन! पाय मुरगळला, "आई गं!"

मी काही विचारच केला नाही. ह्यांना मागे बसवलं आणि निघाले... भर बाजार, दोन सिग्नल, एक ट्रक मागे टाकला, थेट दवाखाना! दारात ब्रेक दाबला तेव्हा आठवलं, अरे देवा, मला स्कूटर येत नाही!

मागे वळून बघते तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं संपलं, कळलं ह्यांना! तर हे म्हणतात, "चाळीस मिनिटांत! एका पाठात!" पुढे बाईंनीही लिहिलं, 'परिणाम थक्क करणारा.' पदवी पहिल्या वर्गात! तो चेहरा बघून खरं कसं सांगू मी? दगडांनी कधी उत्तर दिलं नव्हतं हो त्यांना...

पण थांबतात कुठले? आता डॉक्टरेट! "तुला अजिबात येत नाही असं काहीतरी सांग, तेच शिकवतो." खूप आठवलं, खरंखुरं एकच सापडलं. म्हटलं, "मला कुणाला नाही म्हणता येत नाही."

लगेच वही उघडली! "उत्तम विषय! तीन वर्षं लागतील. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल."