गुलाबी फेटा

लीडरशिप म्हणाल तर सोलापुरात मेडिकलला असताना आम्ही ती फेटे बांधून शिकलो. होटगीकडच्या एका गावात आमचं तपासणी शिबिर होतं. सर म्हणाले, "चौघं आहात, दर अर्ध्या तासानं लीडर बदला. सगळ्यांना सवय व्हायला पाहिजे."

पहिला लीडर मी. सरपंचांना हे कळल्यावर ते म्हणाले, "लीडर हाय म्हंजे सत्कार व्हायला पायजे की." गुलाबी फेटा, नारळ, हलगी आणि वर त्यांचं भाषण. माझा अर्धा तास त्यातच गेला. मग रोहित लीडर झाला, त्याला पिवळा फेटा. मग सानियाला भगवा. पेशंट बिचारे झाडाखाली बसून टाळ्या वाजवत होते.

चौथी पाळी रेश्माची. वर्गात ही कधी तोंड उघडायची नाही. सरपंच हिरवा फेटा घेऊन पुढं आले, तर ती म्हणाली, "काका, फेटा नंतर. आधी माइक द्या." आणि माइकवरून गावाला सांगितलं, "बीपी गुलाबी फेट्याकडं, शुगर पिवळ्याकडं, डोळे भगव्याकडं. रांग सरपंचकाका लावतील."

हलगीवाल्याला थांबवून सरपंच खरंच रांग लावायला लागले.

अर्ध्या तासानं सर माझ्याजवळ आले. "पाळी फिरून तुझ्यावर आली. ऊठ, आता तू लीडर."

एका आजीच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो, "सर, रेश्मालाच राहू द्या. मी उठलो तर बीपी कुणी बघायचं? गुलाबी फेटा एकच आहे."