रोजची वाक्यं

बेंगळुरूच्या त्या घशाच्या दवाखान्यात सुलभा नंबरची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर एक माणूस, त्याची मोठी बहीण आणि पाटी घेतलेली त्याची सहा वर्षांची मुलगी बसली होती. त्याचा आवाज इतका घोगरा होता की ऐकायला सुलभाला पुढे झुकावं लागलं.

“अक्का, ‘जेवलीस का’ येतं आता तिला वाचायला. ‘दप्तर भर’ही येतं.”

“अरे, आधी कमळ, बदक तरी शिकव की.”

“बदकाबद्दल काय बोलायचंय मला तिच्याशी? सोमवारी स्वरयंत्र काढतील. नंतर रोज जे पाटीवर लिहून सांगावं लागेल, तेवढंच शिकवतोय.”

“मग इंग्रजीत लिही. शाळेत वाचतेच ती.”

“इंग्रजीत रागावता येईल मला हिच्यावर?”

“मोठा आलास रागावणारा! कधी ओरडलायस का तिला?”

“यशू, हे वाच बघू.”

“इ... इथे ये. आलं, बाबा!”

“शाब्बास. आणि हे?”

“झो... झोप आता. झोप आता!”

“बरोबर.”

“पण बाबा, हे तर तुम्ही दिवा बंद केल्यावर म्हणता. अंधारात पाटी कशी दिसेल मला?”

“दिवा चालू ठेवू आपण.”

“उजेडात मला झोप येत नाही. तुम्हाला माहीत आहे की.”