रंगावर जाऊ नका!

नाही, पण मला सांगा, पक्ष्यानं जन्मभर एकाच रंगात राहायला काय धाड भरलीय? कावळा राहतोच ना! पण आमच्या हिला कावळा चालत नाही, हिला शिक्रा हवा. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा बाज. हिचं मोठं आजारपण संपलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज टेकडी चढत जा," आणि ही दुर्बीण घेऊनच निघाली... मागे मी!

पहिल्या दिवशी दिसला तो राखाडी, छातीवर बारीक आडव्या रेघा. मी घोकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तपकिरी, छातीवर उभे ठिपके! मी ऐटीत म्हटलं, "हा दुसराच कुणीतरी." डोळ्यांवरची दुर्बीण न काढता ही म्हणते, "अहो, शिक्राच. पिल्लू आहे. रंगावर जाऊ नका!" बरं. पुढच्या खेपेला तपकिरी दिसला, मी ओरडलो, "पिल्लू!" तर म्हणे, "छे, ती मादी." मग ओळखायचं कशावरून, ओळखपत्र मागू त्याच्याकडे? "अहो, उडणं बघा. थोडी फडफड, मग तरंगणं, पुन्हा फडफड. आखूड पंख, लांब शेपूट. पिसं काय, झडतात नि नवी येतात. रंगावर जाऊ नका!"

आणि तुम्हाला सांगतो, हे सगळं शहाणपण पक्ष्यांपुरतं! औषधांनी हिचे केस गेले. कमरेपर्यंतचे, सरळ, काळेभोर. परत आले ते आखूड, पांढरे आणि... कुरळे! मला आवडतात हो. पण तसं म्हटलं की, "तुमचं काय, तुम्हाला भिंतीचा रंगसुद्धा कळत नाही!" धाकटी बहीण परदेशात, तिचा फोन आला की ही कॅमेरा बंद ठेवते. परवा बहीण न सांगता गावात येऊन थडकली, मेसेज आला, "ताई, निघालेय तुझ्याकडे!" झालं! "सांगा तिला, मी घरी नाही," म्हणून ही डोक्याला रुमाल बांधून थेट टेकडीवर. मी थर्मास भरता भरता मेहुणीला फोनवर खरं काय ते, टेकडीसकट, सांगून टाकलं. करणार काय? खोटं बोलायला गेलं की मला ठसका लागतो.

वर पोचलो, तर वाऱ्यानं रुमाल उडाला, गेला झुडपात. ही कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी... आणि खालच्या वळणावरून हाक, "ताईऽऽ!"

अहो, तेवढ्या लांबून! हिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मेहुणी धापा टाकत वर आली.

"कसं गं ओळखलंस?" हिचा आवाज एवढासा.

"कसं म्हणजे? कमरेवर हात, मान वाकडी, साऱ्या जगावर रागावल्यासारखं दुसरं कोण उभं राहतं?"

माझ्या ओठांवर हिचंच वाक्य आलं होतं... गिळलं. मेहुणीनं हिचे हात बाजूला केले, बघतच राहिली. "अगं ताई, हे तर आईचे केस!"

"आईचे?"

"अगदी आईचे! माझ्या वाट्याला आले नाहीत बघ."

मग दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. रुमाल आणायला मी झुडपात शिरलो, तर ही म्हणाली, "राहू द्या हो."

काटे काढत, रिकाम्या हातानं परत आलो. आता मी! तीच मिशी, तोच चष्मा, माझं एक पीस इकडचं तिकडे झालेलं नाही. मेहुणीनं मला खालून वर न्याहाळलं आणि डोळे मिचकावत हिला विचारलं, "ताई, हे काका कोण गं?"

मी म्हटलं, "हमाल." आणि चहा ओतायला घेतला.