देवांशचा उजवा पाय

—आणि हे फाइलमध्ये लिहायची काय गरज होती, श्रिया? ‘औषध ढकलताना जोर लागला, सोनोग्राफी मशीन वापरली नाही.’ वा! भूल द्यायला शिकून आठ महिने झाले नाहीत आणि मॅडम सिनियरच्या चुका काढतात. बसू नको, उभीच राहा. सिमरोलचा देवांश, सहा वर्षांचं पोर, घोट्यातली जुनी तार काढायची होती — काढली. नंतर दुखू नये म्हणून मी गुडघ्यामागे सुई देऊन नस बधिर केली. मतलब, गुन्हा केला? एकदाही रडला नाही तो, हे लिहिलंस? नाही लिहिलंस! घे पेन, खोडून टाक त्या दोन ओळी.

काय म्हणालीस, पाचवा दिवस? मोजता येतं मला. आई म्हणते, पाऊल लोंबतं, चप्पल निसटते आणि त्याला कळतच नाही — अरे यार, या वयात सगळ्यांच्याच चपला निसटतात! हो, आला तेव्हा पळत आला होता. माहीत आहे. मीच म्हणालो होतो त्याला, हळू रे.

मशीन! स्क्रीनशिवाय तुम्हा लोकांना काही दिसतच नाही. सत्तावीस वर्षं या बोटांनी नस शोधलीय मी. झोपलेलं मूल थोडंच सांगणार, दुखतंय म्हणून? तिथे बोटंच लागतात — काय? तू म्हणालीस, ‘सर, जोर लागतोय, सुई नसेत शिरली असेल, थांबा’? म्हणालीस. मग? टेक्निशियनसमोर तुझं ऐकू? तुझ्या हातातून सिरिंज घेतली आणि ढकललं मीच. मला नाही लागला जोर. मला तर काही — काही लागलंच नाही हाताला. शुगर आहे, कुणाला नसते आजकाल? दिवाळीपासून बोटं सुन्न आहेत, शर्टाची बटणं घरी वसुधा लावून देते, तर काय झालं त्यात —

अशी बघू नको. पायाची ताकद परत येते, महिन्यात, सहा महिन्यांत. बहुतेकांची येते.

बहुतेकांची.

पेन ठेव खाली. ‘खोडून टाक’ म्हणालो होतो? मग आता राहू दे म्हणतोय, दोन्ही ओळी. देवांशची आई बाहेर बाकावर बसलीय ना, तिला आत पाठव. नाही, तू नको थांबूस. मला शिकवू नकोस काय बोलायचं ते. जा.